बारा पाहुणे, चार पेयं, अठ्ठावीस दिवस

२८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी घरी बारा माणसं यायची होती आणि त्यांना बाटली-सोडा-बर्फापेक्षा काहीतरी निराळं, मजेचं द्यायचं होतं. हाताशी शेकर एक आणि यजमानही एकच. अशा वेळी धास्ती चवीची नसते, गणिताची असते. एक कॉकटेल नीट मोजून, हलवून, गाळून द्यायला तीनेक मिनिटं लागतात. बारा जणांना एकेक द्यायचं तर छत्तीस मिनिटं. शेवटच्याच्या हातात ग्लास पडेपर्यंत पहिल्याचा रिकामा झालेला असतो, आणि यजमान रात्रभर ओट्याशीच उभा.

यातून सुटायचं तर काम आधीच्या आठवड्यांत वाटून घ्यावं लागतं. आणि ते वाटता यायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: कॉकटेलमध्ये पाणी हाही एक घटक असतो. बर्फाबरोबर ढवळताना ते आपसूक मिसळतं, म्हणून कृतीत लिहिलेलं नसतं. ते पाणी एकदा मोजता आलं की पेय आठवडाभर आधी बाटलीत भरून ठेवता येतं. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी सगळं तारीखवार लिहितो आहे, जे बिघडलं त्यासकट.

१ फेब्रुवारी, रविवार

पहिलं काम बाटल्यांचं नाही, निरोपांचं. प्रत्येकाला तीन प्रश्न पाठवले. दूध किंवा दुधाचे पदार्थ चालतात का? परत जाताना गाडी कोण चालवणार? दारू घेत नाही असं कोण आहे? तिसरा प्रश्न संकोचाने विचारायचा नाही, सरळ विचारायचा, म्हणजे त्यांच्यासाठीही तितकंच निगुतीने काही करता येतं. उत्तरं यायला पाच दिवस लागले. दोघे घेत नव्हते, एकाला दूध पचत नव्हतं. दुधाचा प्रश्न महत्त्वाचा का, ते पुढे येईलच.

त्याच दिवशी कागदावर मद्याचा हिशोब मांडला. पेयाचे मिलीलिटर गुणिले त्यातल्या अल्कोहोलची टक्केवारी, त्याला ०.७९ ने गुणलं की शुद्ध अल्कोहोल ग्रॅममध्ये मिळतं. ‘एक प्याला’ म्हणजे किती, हे देशागणिक बदलतं: ब्रिटनमध्ये ८ ग्रॅम, ऑस्ट्रेलियात १० ग्रॅम, अमेरिकेत १४ ग्रॅम. पहिल्या आराखड्यात माणशी ६० ग्रॅमच्या वर आकडा गेला. मग प्रत्येक पेय छोटं केलं: मार्टिनी ४५ मिली, पंच ९० मिली, सावरमध्ये (व्हिस्की, लिंबू आणि साखरेचा पाक) व्हिस्की ३० मिली, वाइन ओळखण्याच्या खेळात माणशी तीन घोट, प्रत्येक २५ मिली. बेरीज ४१ ग्रॅमच्या आसपास आली, तीही पाच तासांत, जेवणासोबत. हा कागद आधी केला तर खरेदीही आपोआप आटोक्यात येते. जो गाडी चालवणार त्याला मात्र यातलं काहीच नाही.

घरी किती बाटल्या ठेवता येतात, पिण्याचं कायदेशीर वय किती, परवाना लागतो का, हे जागोजागी निराळं असतं. आपल्याकडे काय आहे ते याच दिवशी बघून ठेवा. आणि इथे जे काही आहे ते मिसळणं, मुरवणं आणि गाळणं एवढंच आहे. घरी दारू काढण्याचा, म्हणजे ऊर्ध्वपातनाचा यात काही संबंध नाही. तो प्रकार आगीच्या दृष्टीने धोक्याचा आणि बहुतेक देशांत बेकायदा आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार: बर्फाने किती पाणी दिलं?

यासाठी एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. मार्टिनीचं माप घेतलं: जिन ६० मिली, ड्राय वर्मुथ (वनस्पतींनी सुगंधित केलेली, गोड नसलेली वाइन) १२ मिली. दोन्ही मिळून भरलं ६८ ग्रॅम. मोठ्या बर्फावर ४० सेकंद ढवळलं, गाळलं, पुन्हा वजन केलं: ९५ ग्रॅम. म्हणजे २७ ग्रॅम पाणी नव्याने आलं, मूळ पेयाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त. तापमान उणे ३ अंश. शून्य अंशाच्या बर्फाने पेय शून्याखाली कसं गेलं, असं वाटेल. अल्कोहोलमुळे मिश्रणाचा गोठणबिंदू खाली जातो, बर्फ वितळत राहतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता पेयातूनच ओढून घेतो. म्हणजे गार होणं आणि पाणी मिसळणं या दोन वेगळ्या क्रिया नाहीतच.

मग हिशोब सोपा वाटला. ढवळून ३५ टक्क्यांच्या वर पाणी येतं ना, तर ३५ टक्के बाटलीत घालावं आणि बाटली फ्रीझरमध्ये ठेवावी. २५० मिली जिन (४७ टक्क्यांची), ५० मिली वर्मुथ (१८ टक्क्यांची), १०५ मिली पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली तिरकी केली तर आत बर्फाचा कीस. ओतलं की आधी तीव्र पेय येई आणि पाण्याचे दाणे मागे राहत.

कारण साधं होतं. पाणी घातल्यावर मिश्रण ३१ टक्क्यांवर आलं होतं आणि घरचा फ्रीझर उणे १८ अंशांवर असतो. ३० टक्क्यांच्या आसपासचं मिश्रण त्या तापमानाला दाणे धरू लागतं. ४० टक्क्यांचं धरत नाही, म्हणून तर व्होडकाची बाटली फ्रीझरमध्ये सुखाने राहते. शिवाय उणे १८ ला दारूची आग जिभेला कमी लागते, त्यामुळे इतकं पाणी लागतही नाही. २० टक्के पुरतं.

आता घातलेलं पाणी काढता येत नाही, पण बाकीचं वाढवता येतं. १०५ मिली पाणी हे २० टक्के व्हायचं तर जिन-वर्मुथ मिळून ५२५ मिली हवी. म्हणून आणखी १८८ मिली जिन आणि ३७ मिली वर्मुथ घातली. एकूण ६३० मिली, ३५ टक्के. दुसऱ्या दिवशी बाटलीत एकही दाणा नव्हता, पेय किंचित दाट झालेलं, काचेच्या आतून सावकाश घरंगळत होतं. हीच बाटली शेवटी २८ तारखेला वापरली, थेंबही वाया गेला नाही.

दोन गोष्टी विसरू नका. बाटलीवर चिठ्ठी हवी: काय आहे, किती टक्के, कधी भरलं. फ्रीझरमधली स्वच्छ, बिनरंगी बाटली घरातल्या कुणाला पाण्याची वाटू शकते. आणि वर्मुथ ही वाइनच असते, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायची, कपाटात नाही. कपाटात महिना काढलेली वर्मुथ मार्टिनी बिघडवते आणि दोष जिनला जातो.

७ आणि ८ फेब्रुवारी: दुधाने निवळलेला पंच, पहिली खेप

चारही पेयांत माझा जीव याच्यात सर्वांत जास्त गुंतला. दुधात लिंबाची आंबट दारू ओतायची, दूध फाटू द्यायचं, चोथा गाळून टाकायचा आणि उरलेलं पाण्यासारखं नितळ पेय प्यायचं. ‘पंच’ हा शब्द आपल्या ‘पाच’वरूनच आला असं सांगितलं जातं: दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला किंवा चहा असे पाच घटक. दुधाने तो निवळण्याची युक्तीही जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६३ साली आपले मित्र जेम्स बोडॉइन यांना पत्रातून पाठवलेल्या कृतीत ब्रँडी आहे, ४४ लिंबांच्या साली आहेत, किसलेली जायफळं आहेत आणि उकळतं दूध आहे.

दूध फाटताना काय होतं ते कळलं की पुढच्या सगळ्या सूचना पाठ करायची गरज राहत नाही. ताज्या दुधाचा सामू (pH, आकडा कमी तितका आंबटपणा जास्त) ६.७ च्या आसपास असतो. लिंबामुळे तो ४.६ पर्यंत उतरला की केसीन हे प्रथिन विरघळलेल्या अवस्थेत राहत नाही, त्याचे कण एकमेकांना धरतात आणि चोथा होतो. हा चोथा बनताना चहातले आणि लाकडी पिंपात मुरलेल्या दारूतले तुरट घटक स्वतःकडे ओढतो. म्हणून रंगही जातो आणि तुरटपणाही. निवळीत मात्र दुधातली इतर प्रथिनं आणि दुधाची साखर राहते. त्यामुळे पेय दिसतं पाण्यासारखं आणि जिभेवर लागतं रेशमासारखं. म्हणूनच दूध न चालणाऱ्या माणसाला हे द्यायचं नाही, कितीही नितळ दिसलं तरी.

पहिली खेप लहान केली: दारू १५० मिली, चहा १०० मिली, लिंबाचा रस ५० मिली, साखर ३८ ग्रॅम, दूध ८० मिली. बिघडली, आणि दोन ठिकाणी बिघडली.

एक, दूध आंबट मिश्रणात ओतलं आणि चमच्याने जोरात ढवळलं. त्याने दूध एका क्षणात फाटतं आणि चोथ्याचे कण बारीक, रवाळ होतात. बारीक कण फडक्यातून खाली उतरतात आणि त्यांचा नीट थरही बसत नाही. फ्रँकलिन यांच्या कृतीत दूधच पंचात ओतलं आहे हे खरं, पण ते उकळतं आहे. थंड दुधाने करायचं तर दूध पातेल्यात आधी घ्या आणि पंच त्यावर धारेने सोडा. सुरुवातीला भोवती दूध जास्त आणि आंबट कमी, त्यामुळे मोठे, मऊ गोळे धरतात.

दोन, गाळणं तासभर चाललं तेव्हा मी घाई करून फडक्याची पुरचुंडी पिळली. पनीर करताना पिळतो तसं इथे चालत नाही. पिळताक्षणी गढूळ धार आली आणि तोवर जमलेलं स्वच्छ पेयही त्या धारेने गढूळ झालं. ते दुरुस्त करायला कॉफीच्या कागदी गाळणीतून घातलं, तर दहा मिनिटांत कागद तुंबला.

गढूळ झालेला पंच फेकू नका. आणखी ३० मिली दूध वाटीत घेऊन त्यावर तोच पंच हळूहळू ओतला, पुन्हा फाटू दिला आणि न पिळता गाळला. दुसऱ्यांदा तो निवळला, चव थोडी पातळ झाली इतकंच.

१४ आणि १५ फेब्रुवारी: बर्फाची लादी

नितळ पेयात पांढरा बर्फ टाकला तर सगळी मेहनत झाकली जाते. शिवाय मधोमध भेगा आणि हवेचे बुडबुडे असलेला बर्फ लवकर फुटतो आणि लवकर वितळतो, म्हणजे न मोजलेलं पाणी पुन्हा आत येतं.

पाणी उकळून घ्या, दोनदा उकळून घ्या, असं बरेच जण सांगतात. त्याने विशेष फरक पडत नाही. ट्रेमध्ये पाणी सगळ्या बाजूंनी गोठतं आणि विरघळलेली हवा व क्षार मधोमध कोंडले जातात, पांढरेपणा त्याचा असतो. उपाय एकच: पाणी एकाच बाजूने गोठू द्यायचं. सहलीला नेतात तो जाड भिंतींचा आइसबॉक्स घ्यायचा, झाकण काढून, साधं पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवायचा. भिंतींतून थंडी शिरत नाही, त्यामुळे बर्फ वरून खाली वाढत जातो आणि हवा पुढे ढकलत राहतो. ही पद्धत कॉकटेलवर लिहिणारे अमेरिकन लेखक कॅम्पर इंग्लिश यांनी २००९ च्या सुमारास प्रयोग करून लोकांपुढे आणली, आणि इतकी सोपी गोष्ट त्याआधी घरोघरी का पोचली नाही याचं मला अजून नवल वाटतं.

माझा आइसबॉक्स आतून २५ बाय १८ सेंटिमीटर. १० सेंटिमीटर पाणी भरलं. पहिल्या वेळी वेळेचा अंदाज चुकला, दीड दिवस झाला आणि तळापर्यंत सगळं गोठलं. तळाचा तिसरा हिस्सा दुधाळ तर होताच, पण शेवटचं पाणी गोठताना फुगलं आणि त्याने वरच्या स्वच्छ लादीला आरपार भेग पाडली. दुसऱ्या वेळी २२ तासांनी काढलं. वर साधारण ६ सेंटिमीटर बर्फ, खाली अजून पाणी. ते पाणी ओतून दिलं की पांढरेपणा त्याच्याबरोबरच जातो. तुमच्या फ्रीझरला २२ ऐवजी १८ किंवा २६ तास लागतील, म्हणून पहिली लादी सरावाची समजा.

कापण्याआधी थांबायचं असतं, आणि ते फार अवघड जातं. फ्रीझरमधून काढलेली लादी पांढरट धुरकट दिसते. तिला लगेच सुरी लावली की ती वाटेल तिथे तडकते. ताटावर ठेवून पंधरा-वीस मिनिटं बघत राहा. आधी वर बाष्प धरतं, मग हळूहळू पृष्ठभाग ओला होतो आणि एका क्षणी ती काचेसारखी पारदर्शक होते, खालच्या ताटावरची नक्षी दिसायला लागते. ती दिसली की पाव कापायची दातेरी सुरी बर्फावर ठेवायची, चार-पाच वेळा ओढून खाच पाडायची आणि सुरीच्या पाठीवर लाटण्याने हलका ठोका द्यायचा. लादी खाचेतून सरळ दुभंगते. ५ सेंटिमीटरचे पंधरा तुकडे निघायला हवेत, मला बारा मिळाले. म्हणून दोन लाद्या केल्या. तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आधी तासभर ट्रेमध्ये सुटे गोठवले आणि मग पिशवीत भरले. पिशवी घट्ट बंद हवी, नाहीतर बर्फाला फ्रीझरमधल्या जेवणाचा वास लागतो.

२० ते २२ फेब्रुवारी: खरा पंच

शुक्रवारी रात्री पाच लिंबांची साल काढली. पिवळ्या, जाड सालीची लिंबं यासाठी बरी. फक्त पिवळा पापुद्रा घ्यायचा, खालचा पांढरा भाग कडू असतो. साल १५० ग्रॅम साखरेत चुरडून झाकून ठेवली. साखर सालीतलं तेल ओढते आणि सकाळपर्यंत वाटीच्या तळाशी वासाने घर भरून टाकणारा ओला पाक जमतो. ज्याला हा पंच करायचा नाही त्यानेही एकदा लिंबाची साल साखरेत मुरवून बघावी.

शनिवारी सकाळी १२ ग्रॅम काळा चहा ४५० मिली गरम पाण्यात चार मिनिटं ठेवला आणि गाळला. ४०० मिली हाती लागला. त्यात सालीसकट साखर विरघळवली, गार झाल्यावर साली काढल्या. मग रम ४०० मिली, ब्रँडी २०० मिली, ताजा लिंबाचा रस २०० मिली. सगळं मिळून साधारण १३०० मिली झालं. याच्या पाव भाग, म्हणजे ३२५ मिली सायीचं दूध मोठ्या पातेल्यात घेतलं. साय काढलेलं दूध नको, त्याने पेयाला अंग येत नाही.

पंच पातळ धारेने दुधात सोडला, एकदाच अगदी हलक्या हाताने फिरवला आणि दीड तास हात लावला नाही. तासाभरात चोथा वर तरंगून आला होता.

चाळणीत धुतलेलं मलमलचं फडकं दुहेरी अंथरलं, खाली खोल भांडं. पहिलं २०० मिली गढूळच येतं. ते बाजूला काढून पुन्हा वरून, चोथ्याचा थर न हलवता, चमच्याच्या पाठीवरून ओतायचं. गाळण्याचं काम खरं तर फडकं करत नाही, फडक्यावर बसलेला चोथा करतो. दुसऱ्या वेळी थेंब बदललेला दिसतो. आधी ढगाळ, मग धुरकट, आणि मग एकाएकी असा की भांड्याच्या तळाची रेघ त्यातून स्पष्ट दिसते. चाळणी-भांडं तसंच झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. रविवारी सकाळी १२७० मिली मिळालं. बाकी चोथ्यात राहतं, ते सोडून द्या. ताकद सुमारे १५ टक्के, म्हणजे जोरकस वाइनइतकी.

रंग गडद तपकिरीवरून फिक्या मधासारखा झाला होता आणि चहाचा वास पूर्ण शिल्लक असून तुरटपणाचा मागमूस नव्हता. पहिला चमचा चाखला तेव्हा दोन आठवड्यांची धाकधूक संपली.

न घेणाऱ्या दोघांसाठी याच रीतीने: चहा ४०० मिली, लिंबाचा रस ८० मिली, साखर ७० ग्रॅम, दूध १३० मिली. तेही तितकंच निवळतं. पण त्यात टिकवणारं अल्कोहोल नसल्यामुळे ते २६ तारखेला केलं. चार दिवसांच्या आत संपवायचं.

२५ फेब्रुवारी: लोण्याची व्हिस्की

हे सोपं आहे. ६० ग्रॅम बिनमिठाचं लोणी मंद आचेवर बदामी रंग येईपर्यंत कढवलं, कोमट झाल्यावर ३७५ मिली व्हिस्कीत ओतलं, हलवलं, चार तास बाहेर ठेवलं आणि मग रुंद तोंडाच्या बरणीत रात्रभर फ्रीझरमध्ये. स्निग्धांश वर थिजतो, त्याला भोक पाडून खालची व्हिस्की गाळून घ्यायची. लोण्याचा वास अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि तिथेच राहतो. न्यूयॉर्कच्या पीडीटी बारमध्ये डॉन ली यांनी बेकनच्या चरबीने केलेल्या व्हिस्कीने ही पद्धत जगभर पोचली. बरणी निमुळत्या गळ्याची असेल तर चरबीचं बूच बसतं आणि व्हिस्की आत अडकते, तेवढं सांभाळा. दूध न चालणाऱ्या पाहुण्यासाठी साधी व्हिस्की वेगळ्या बाटलीत ठेवली आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी चारला सावरचं मिश्रण भरलं. माणशी व्हिस्की ३० मिली, लिंबाचा रस १५ मिली, समभाग साखर-पाण्याचा पाक १५ मिली. रस त्याच दुपारचा हवा, रात्र काढलेल्या रसाचा तजेला जातो.

सहाला वाइनचा खेळ मांडला. तो आधी ठेवायचा, जीभ ताजी असते. तांबड्या वाइनच्या एकाच प्रकारच्या दोन बाटल्या. एक तशीच उघडली, दुसरी मिक्सरमध्ये ३० सेकंद फिरवली. वाइन हवेशी खेळली की मोकळी होते म्हणतात, तर ती मिक्सरने झटपट होते का, हाच प्रश्न. ‘मॉडर्निस्ट क्विझिन’ या पाकशास्त्राच्या ग्रंथाचे लेखक नेथन मिरवोल्ड यांनी हा मिक्सरचा प्रकार प्रसिद्ध केला आणि त्यावर लोक हिरिरीने भांडतात. आम्ही भांडण्याऐवजी मोजायचं ठरवलं.

रीत अशी. प्रत्येकासमोर तीन ग्लास, त्यांतले दोन सारखे, एक निराळा. निराळा ओळखायचा, बस्स. नुसता अंदाज केला तरी तिघांत एकाचा बरोबर येतो, म्हणून दहा जणांत किमान सात जणांनी ओळखलं तरच फरक खरा आहे असं म्हणता येतं. पाच जणांना साधी वाइन दोनदा आणि मिक्सरची एकदा, पाच जणांना उलट. प्रत्येक बाटलीचे पंधरा घोट, २५ मिलीचे. ग्लास पंधराच होते, म्हणून पाच-पाच जणांच्या दोन फेऱ्या केल्या. ग्लासांच्या तळाला तीन आकडी कोणतेही क्रमांक चिकटवले. १, २, ३ लिहिलं की माणसं नकळत पहिल्याला किंवा मधल्याला झुकतात.

इथे घोटाळा होतो तो दिसण्यात. मिक्सरमधून काढलेल्या वाइनवर गुलाबी फेस येतो आणि ती दोन अंश गरमही होते. लगेच ओतली तर लोक चव न घेताच ओळखतात. दोन्ही वाइन बंद जगमध्ये पंधरा मिनिटं शेजारी-शेजारी ठेवल्या, फेस पूर्ण बसला, दोन्ही १७ अंशांवर आल्या, मगच ओतल्या. थुंकायला प्रत्येकाला कागदी पेला दिला, दोघांनी तो वापरला.

दहांपैकी पाच जणांनी बरोबर ओळखलं. सात नाही. म्हणजे या वाइनपुरता तरी मिक्सरचा फरक सिद्ध झाला नाही. पण पाऊण तास दहा माणसं वाइनबद्दल इतक्या मन लावून बोलत होती, शब्द शोधत होती, पुन्हा हुंगत होती, की तोवर कुणी भूक लागली असंही म्हटलं नाही.

मग सावर. बर्फासह बारा सेकंद हलवायचं हे एकच पेय त्या रात्री हाताने झालं. एका वेळी तीन, दूध न चालणाऱ्याचं शेवटी धुतलेल्या शेकरमध्ये एकट्याचं. नितळ तुकड्यावर गाळलं आणि वरून उरलेल्या तांबड्या वाइनचे १० मिली चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडले. खालचं पेय साखरेमुळे जड, वाइन हलकी, म्हणून तांबडा थर वरच राहतो. चमचा पेयाला टेकलेला हवा. उंचावरून ओतलं की थर मोडून सगळं विटकरी दिसतं. दोन ग्लासांत तसं झालं.

जेवण वाढताना फ्रीझरमधली मार्टिनी आली. लहान ग्लासही तासभर फ्रीझरमध्ये ठेवले होते. ओतायचं आणि लिंबाच्या सालीचा तुकडा वरून पिळायचा. दहा ग्लासांना चार मिनिटं लागली. बर्फ नको, ढवळणं नको, पाणी आधीच आत होतं. फक्त पहिला घोट घाईने घेऊ नका असं सगळ्यांना सांगितलं. उणे तापमानाचं पेय सौम्य लागतं पण ते ३५ टक्के असतं.

पंच सर्वांत शेवटी, मोठ्या नितळ तुकड्यावर. बर्फ फ्रीझरमधून दहा मिनिटं आधी बाहेर काढला होता, नाहीतर पेय पडताच तो कडकन तडकतो. ग्लासात बर्फ कुठे संपतो आणि पेय कुठे सुरू होतं हे दिसत नव्हतं. न घेणाऱ्या दोघांचे ग्लास इतरांच्या ग्लासांसारखेच दिसत होते, म्हणून त्यांच्या देठांना दोरा बांधला.

८ मार्च

नऊ जणांना पंच देऊन साडेचारशे मिलीच्या वर उरला होता. तो फ्रिजमध्ये ठेवला. आठवड्याने बाटलीच्या तळाशी अगदी बारीक पांढरा गाळ बसलेला दिसला. हे बहुतेक वेळा होतं, त्याने पेय खराब झालेलं नसतं. बाटली न हलवता वरचं दुसऱ्या स्वच्छ बाटलीत ओतून घेतलं, तळाचे दोन चमचे टाकून दिले. फ्रिजमध्ये तो दोन-तीन महिने राहायला हरकत नाही, मात्र वास बदलला किंवा संपूर्ण बाटली पुन्हा ढगाळ झाली तर पिऊ नका. आठव्या दिवशी चव पहिल्या रविवारपेक्षा गोलसर झाली होती, लिंबाची धार कमी आणि रमचा वास पुढे. पुढच्या वेळी तो दोन आठवडे आधी करणार आहे आणि जायफळ घालून बघणार आहे.